ओल्या गडावरची लक्ष्मी

जुलैत पन्हाळ्यावर चपलांना बुरशी येते, कमरेच्या पट्ट्याला येते, कपाटातल्या चष्म्याच्या घरालाही येते. धुकं खिडकीतून आत शिरतं आणि दिवसभर जायचं नाव घेत नाही. अशा गडावर एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी जन्मभर कागदावरची चित्रं जमवली. रविवर्मा प्रेसच्या तसबिरी, पुण्याच्या चित्रशाळेचे देव, धुरंधरांची पोस्टकार्डं, जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते. त्यांची सख्खी भाची मुंबईत जुनी चित्रं, नकाशे, कागदपत्रं दुरुस्त करायचं काम करते. मृग लागायच्या आधी ती आजोळी आली की दोघांची जुंपते. मी मामांचा विद्यार्थी. इंटरमिजिएटला बी ग्रेडच्या पुढं गेलो नाही, पण त्या घरातला चहा मला अजून मिळतो. यंदाचं भांडण उतरवून काढलं, कारण ऐकताना मी सारखा पक्ष बदलत होतो.

सुरुवात लक्ष्मीवरून झाली. माजघरात, देव्हाऱ्याच्या वर टांगलेली. कमळात उभी, चार हात, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. ही लक्ष्मी न पाहिलेलं मराठी घर शोधून सापडायचं नाही.

भाची : ही भिंतीवरून उतरवा, मामा. पाऊस लागायच्या आत.

मामा : उतरवून कुठं ठेवू? ट्रंकेत? घरची लक्ष्मी ट्रंकेत कोंडाय सांगालीस व्हय?

भाची : भिंतीला हात लावून बघा. भर उन्हाळ्यातसुद्धा गार लागते. बाहेरून जांभा आहे, तो पावसाळाभर पाणी पितो. भिंतीतली ओल फ्रेमच्या पुठ्ठ्यात, पुठ्ठ्यातून कागदात. कागद ओल घेतो तेव्हा फुगतो, हवा कोरडी झाली की आक्रसतो. दरवर्षी हेच.

मामा : माझ्या आज्जीनं घेतलीय ही. किती पावसाळे काढले असतील तिनं? गेली का कुठं?

भाची : गेली नाही. जातेय.

तिनं फ्रेम उतरवून पालथी घातली, गंजलेल्या चुका पकडीनं एकेक उपसल्या आणि मागचा पुठ्ठा सुटा केला. पिवळट, बोटात चुरा होणारा पुठ्ठा. चित्राच्या पाठीवर त्याचा तपकिरी ठसा उमटला होता. कडेची खळ कसरीनं खाऊन टाकली होती, आणि खळीबरोबर कागदाची कडही. पुढून पाहिलं तर आभाळात चहाचे थेंब उडाल्यासारखे ठिपके. हत्तीच्या कानाजवळ रुपयाएवढा एक भाग वेगळाच चकाकत होता. तिथं चित्र काचेला चिकटलं होतं.

भाची : लाकडाच्या लगद्याचा कागद आधीच आतून आम्लाचा असतो, त्याच्या पाठीला हा पुठ्ठा दिला म्हणजे दुप्पट आम्ल. म्हणून कडा जळल्यासारख्या दिसतात. काच थेट चित्रावर बसवलीय, त्यामुळं ओल आली की वरचं वॉर्निश काचेला धरतं. आता ओढली तर हत्ती काचेबरोबर येईल. आणि खालची पट्टी कुणी कापली?

मामा : फ्रेमवाल्यानं. फ्रेम तयार होती, चित्र मोठं निघालं.

भाची : प्रेसचं नाव त्या पट्टीतच छापलेलं असायचं. कार्ला-लोणावळ्याचं नाव गेलं म्हणजे चित्राचा जन्मदाखला गेला.

मामा : दाखला नसला तरी मला वळखतंय. भिंग आण. हे बघ, रंगाचे ठिपके वेडेवाकडे, दाणेदार. दगडावर हातानं टिंबं मारून काढलेलं. हल्लीच्या ऑफसेटला ठिपके सारख्या अंतरावर, रांगेत. इथं एकेका रंगाला एकेक दगड, आणि सगळे दगड एकाच कागदावर नेमके एकावर एक बसवायचे. मग वर वॉर्निश, म्हणजे लांबून तैलरंग वाटावा. तू मला चित्र शिकवू नको.

मामांचं हे खरं होतं. चित्र ओळखण्यात त्यांचा हात धरणारा गडावर कुणी नाही. पण ओळखणं वेगळं आणि राखणं वेगळं, आणि ओळखणाऱ्याला बहुधा वाटतं की आपल्या ओळखण्यानंच चित्र राखलं जातंय.

मामा : आता मुद्द्याला ये. रविवर्म्यानं १८९४ ला गिरगावात छापखाना कशाला काढला? त्याची तैलचित्रं राजवाड्यांच्या दिवाणखान्यांत अडकून पडलेली. ती गोरगरिबाच्या भिंतीवर जावीत म्हणून. यंत्रं जर्मनीतनं, कारागीर जर्मनीतनं. पुढं छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि १९०१ ला श्लायशर नावाच्या जर्मन माणसाला विकून टाकायची पाळी आली. पैशात बुडाला, पण चित्रं घराघरांत गेली. ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवत होते, त्यांच्या घरात देव या कागदावरनं आला. हे चित्र भिंतीसाठीच जन्माला आलंय. त्याला पेटीत घालायचं म्हणजे शाहू महाराजांनी पोरांसाठी वसतिगृह बांधायचं आणि आपण त्याला कुलूप घालायचं!

भाची : भिंतीसाठी जन्माला आलं, मान्य. पण पाचदहा वर्षांसाठी. फाटलं, काळं पडलं की पंचगंगेत सोडायचं आणि यात्रेतून नवं आणायचं, हाच रिवाज होता ना? तुमच्या आज्जीनं सोडलं नाही, तुम्हीही सोडलं नाही. वापरायचं तर वापरून विसर्जन करा. टिकवायचं तर वापरायची पद्धत बदला. दोन्ही हट्ट एका चित्रावर चालणार नाहीत.

मला हे बिनतोड वाटलं. मामांनी औंध काढलं.

मामा : औंधाला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला यमाईच्या टेकडीवर संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याच्या चित्रांपासनं हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत सगळं तिथं आहे. टेकडीवरच आहे न्हवं? मग माझ्याच टेकडीचं काय वाईट?

भाची : औंध खटाव तालुक्यात आहे, पर्जन्यछायेत. तिथं पोचेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. ते रिकामे कुठं होतात? तुमच्या कौलांवर. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. इथं पावसाळ्यात नव्वदीच्या खाली येत नाही. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, गादीवर होते आणि टेकडीही कोरडी निवडली. तुम्ही यातले फक्त चित्रकार आहात.

मामा : मग कोल्हापुरात नेऊ? २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा लोकांच्या घरात शिरली. त्याच २०२१ च्या जुलैत आमच्या गडाचा रस्ताही खचला. खाली पाणी, वर धुकं. सांग, चित्र घेऊन कुठं जाऊ?

याला तिच्याकडं सोपं उत्तर नव्हतं. पुराच्या दिवसांत तिला ओळखीपाळखीचे लोक फोन करून विचारत होते, की भिजलेल्या तसबिरींचं काय करायचं. कुणी उन्हात वाळत घातल्या होत्या, कुणी कापड घालून इस्त्री फिरवली होती. उन्हानं रंग उडतो आणि इस्त्रीनं वॉर्निश वितळतं. चिकटलेले कागद ओले असताना ओढायचे नाहीत, सुटे असतील तर टीपकागदात सपाट वाळवायचे, आणि दोन दिवसांत हाताशी माणूस मिळणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सरळ फ्रीजरमध्ये टाकायचे, म्हणजे बुरशी जागच्या जागी थांबते. हे ऐकून आतून मामी म्हणाल्या, “आमच्या फ्रीजरला आधीच जागा न्हाई. तिथं यांची रंगाची ट्यूब हाय.” ती नेमकी कशासाठी, हे मला विचारायचं धाडस झालं नाही.

पुढचा विषय डांबरगोळ्यांचा. मामा प्रत्येक गठ्ठ्यात गोळ्या टाकतात. शिवाय वेखंड, शिवाय कडुनिंबाचा पाला. वेखंडावर भाची काही बोलली नाही. पाला मात्र तिनं जागेवर बाहेर टाकला, कारण वाळका पाला ओल धरतो आणि किड्यांना घर देतो. गोळ्यांनी कसर पळेलही, पण त्या वासात माणसानं बसू नये, आणि गोळी कागदाला टेकू तर अजिबात नये, असं तिचं म्हणणं. तिच्या मते कसरीवर खरा इलाज एकच, पावसाच्या आधी गठ्ठे सोडून झटकणं आणि खोली झाडणं. मामी हे चाळीस वर्षं सांगतायत, असं मामींनी सांगितलं.

सेलोटेपवर मामांनी वादच घातला नाही. धुरंधरांची दोन पोस्टकार्डं त्यांनी एकेकाळी टेपनं वहीत डकवली होती. टेप केव्हाच गळून पडली, तिचा मधासारखा पट्टा कागदात कायमचा मुरला आहे. तो काढायचं औषध भाचीकडंही अर्धंच आहे. फाटलेल्या कडेला ती जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरते, कारण ती खळ पाण्यानं पुन्हा सुटते. फेव्हिकॉल सुटत नाही. आपण केलेलं काम पुढच्या माणसाला उलगडता आलं पाहिजे, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. शाळाशाळांतून जुन्या तसबिरींना लॅमिनेशन करून घेणाऱ्यांनी तो कुठं तरी लिहून ठेवायला हवा.

धुरंधरांवरून मात्र बोलणं वेगळीकडं गेलं.

मामा : धुरंधर कोल्हापूरचे, १८६७ चे. पोरवयात आबालाल रहिमानांकडं बघून शिकले, मग जे. जे. ला गेले, तिथंच मोठे झाले. १९४४ ला गेले. त्यांची चित्रं, स्केचं, कागद कुणी जपले? लेकीनं. अंबिकाबाई स्वतः चित्रकार. २००९ ला त्या गेल्या, तवर बापाचं घबाड त्यांनी सांभाळलं. कुठली आर्द्रता मोजली त्यांनी? माणूस पाहिजे गं घरात, यंत्र नाही.

भाची : माणूस पाहिजेच. पण माणसानंतर? चंद्रकांत मांडरेंनी राजारामपुरीतलं घर चित्रांसकट सरकारला दिलं, म्हणून त्यांची पावडर शेडिंगची चित्रं आज बघायला मिळतात. तो प्रकार किती नाजूक, तुम्हाला ठाऊक आहे. बोट लागलं तर गेलं. पुण्यात दिनकर केळकरांनी १९७५ ला सगळा संग्रह राज्याला दिला. त्यांनी वेळेत ठरवलं. तुम्ही कुणाला देणार?

मामा : माझी कॅलेंडरं कोण घेतंय? म्युझियमला आबालाल पाहिजे, साबणाच्या जाहिरातीचा मुरलीधर नको. आणि मला अंबिकाबाई नाही. तू आहेस.

भाची : मग माझं ऐका की!

मध्येच एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत पन्हाळा आहे. तेव्हापासून गडावर जुन्या वस्तूंची चौकशी वाढली आहे. एका हॉटेलवाल्याला ही लक्ष्मी स्वागतकक्षात लावायला हवी होती. मामांनी त्याला चहाही विचारला नाही. भाची म्हणाली, निदान तिथं एसी असता. मग तिनं स्वतःच ते खोडून काढलं. पाहुणे आले की एसी चालू, गेले की बंद. दिवसातून चार वेळा हवा बदलणं हेही कागदाला वाईटच.

पाहुण्यांच्या खोलीत खिडकीसमोर एक लहानसं जलरंगातलं चित्र आहे. तळं, काठाला झाड, पाण्यात आभाळ. सही नाही. मामांच्या मते ते आबालाल रहिमानांचं आणि तळं कोटितीर्थाचं. कोल्हापुरात सही नसलेला जुना जलरंग सापडला की तो आबालालांचाच ठरतो, त्यामुळं मी या बाबतीत गप्प असतो. आबालाल १९३१ ला गेले. त्यांनी किती काढलं आणि किती पाण्यासारखं वाहून गेलं, याच्या कथा प्रत्येक तालमीत वेगळ्या ऐकायला मिळतात.

भाची : हे इथून काढते. जलरंगाला खिडकीचा उजेड चालत नाही. उडालेला रंग परत येत नाही, आणि आज पडलेला उजेड कालच्या उजेडात जमा होत जातो. संग्रहालयात अशा चित्रावर पन्नास लक्सच्या वर दिवा टाकत नाहीत, म्हणजे डोळे सरावल्यावर जेमतेम दिसावं इतका उजेड. वर्षातले थोडे महिने लावायचं, बाकीचे अंधारात.

मामा : काढ. लगेच काढ.

भाची : आता ट्रंकेत कोंडलं म्हणून नाही ओरडलात?

मामा : ते आबालालचं आहे. त्याच्या हातचं आहे ते.

भाची : म्हणजे तुमच्याही मनात मूळ आणि छापील असा पंक्तिभेद आहे.

मामांनी चष्मा पुसायला घेतला. वादात हरायला आले की ते चष्मा पुसतात, ही गोष्ट वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत होती. पुसून झाल्यावर ते पुन्हा लक्ष्मीकडं वळले आणि अनपेक्षित बाजूनं आले.

मामा : बरं, तू दुरुस्त करणारच आहेस, तर पायाजवळचे ते डाग तेवढे काढून टाक. कमळ पार झाकून गेलंय.

ते डाग कुंकवाचे. आज्जीच्या काळात काच नव्हती. दर शुक्रवारी आज्जी, मग मामांची आई, लक्ष्मीच्या पावलाला बोट लावायच्या. बोटाच्या त्या लहानशा लांबट खुणा एकावर एक बसून कमळाच्या पाकळ्यांवर गडद तांबडा थर झाला आहे. भिंगातून पाहिलं तर एके ठिकाणी बोटाच्या रेषाही दिसतात.

भाची : ते मी काढणार नाही.

मामा : का? तूच तर डाग, ठिपके, आम्ल म्हणून मघापासनं बोंब मारालीस!

भाची : पुठ्ठ्याचा डाग पुठ्ठ्यानं केला. हा तुमच्या आज्जीनं केलाय. शिवाय जुनं कुंकू म्हणजे हळद, टाकणखार आणि लिंबू. पाण्याचा बोळा लावला की सगळ्या कमळावर पसरेल. पण पसरणार नसतं तरी काढलं नसतं.

मामा : अगं, पण चित्र दिसाय नको? रविवर्म्याचं कमळ ते!

गंमत बघा. भिंतीवरच्या, वापरातल्या, देवाच्या तसबिरीची बाजू घेणारे मामा आता छापील रेषेसाठी कुंकू पुसायला निघाले होते. आणि पेटी, मापं, नियम सांगणारी भाची त्या कुंकवावर हात ठेवून बसली होती. मी चहाचा कप खाली ठेवला.

भाची : असं करू. हिचा चांगल्या कॅमेऱ्यानं फोटो काढते, मुंबईत उत्तम कागदावर, याच मापात छापून आणते. ती देव्हाऱ्यावर लावा. बारा महिने लावा, कुंकू लावा, उदबत्ती ओवाळा. ही पेटीत राहील.

मामा : कॉपीची पूजा करू?

भाची : ही कोण आहे? राजवाड्यातल्या चित्राची कॉपीच की. तुम्हीच म्हणालात, कागदावरनं देव घरात आला. तो याच कागदावरनं आला पाहिजे असं देवानं सांगितलंय का?

मामा : (बऱ्याच वेळानं) मग हिला जपायचं तरी कशाला? छापील ते छापील. नवी आण, जुनी पंचगंगेत सोडू. तूच म्हणालीस, विसर्जनाचा रिवाज आहे.

आता तीही अडली. मामांचा डाव त्यांच्यावर उलटवताना तिचाच डाव तिच्यावर उलटला होता.

भाची : जपायचं, कारण यात दगडाचा दाणा आहे, तो माझ्या छपाईत येणार नाही. आणि हे बोट येणार नाही.

मामा : म्हणजे तू चित्र जपत नाहीस. कुंकू जपतेस.

भाची : या चित्रापुरतं, हो. आबालालच्या चित्रात आबालालचा हात जपते. तो आबालालच असला तर.

मला वाटतं, सगळ्या वादात हे एकच वाक्य खऱ्या अर्थानं धंद्याचं होतं. संग्रह करणारे सगळे कागद एका तराजूत घालतात. दुर्मीळ आहे का, जुनं आहे का, किंमत किती. राखायला बसलं की प्रत्येक कागदाला वेगळं विचारावं लागतं, की बाबा, तुझ्यात नेमकं काय आहे जे दुसरीकडं नाही? धुरंधरांच्या पोस्टकार्डात रंग आहे, म्हणून अंधार. साबणाच्या कॅलेंडरात खालचं तारखांचं पान आहे, ज्यावर मामांच्या आईनं दुधाचा हिशेब लिहिलाय. मामा ते पान कापून फक्त मुरलीधर ठेवणार होते. भाचीनं कात्री काढून घेतली. मग तिनं एक साधी वही आणवली आणि मामांना सांगायला बसवलं, कुठली तसबीर कुणी, कुठून, कधी आणली, कुठं टांगली होती. लक्ष्मीपुढं लिहिलं : आज्जीनं जोतिबाच्या चैत्र यात्रेतून डोक्यावरच्या बोचक्यात आणली, गडापर्यंत चालत. मामांना हे माहीत होतं, पण कुठं लिहिलेलं नव्हतं. एवढी चित्रं आणि त्यांची एक ओळ कुठं नाही, हे मला ओलीपेक्षाही भयंकर वाटलं.

शेवटी भिंतीचा प्रश्न राहिलाच. मामांनी तो असा सोडवला की भाचीला हसावं का रागवावं कळेना.

मामा : आषाढी एकादशीला देव झोपतात. कार्तिकीला उठतात. चार महिने. तुझा पावसाळाही तेवढाच न्हवं? झोपवू हिला चातुर्मासात. बाकीचे आठ महिने भिंतीवर, पण आतल्या कोरड्या भिंतीवर, मागं लाकडाचे ठोकळे देऊन, म्हणजे वारा खेळेल. काच आणि चित्रात माउंटची फट. पुठ्ठा तू म्हणशील तो.

भाची : आषाढीपर्यंत कागद ओला होऊन जाईल, मामा. पेटी कोरड्या हवेत बंद करायची असते, नाही तर ओलच आत कोंडली जाते. सिलिका जेल तापवून, वाळवून, मृगाच्या आधी.

मामा : मग यंदा देवाला जरा लवकर झोपवू.

मामी : (आतून) आणि लक्ष्मीपूजन कार्तिकीच्या आधी येतंय, ते कोण करणार? नवरात्र? तिला घटस्थापनेलाच उठवा. विष्णूला झोपू दे हवं तर.

घटस्थापनेपर्यंत पन्हाळ्याचा पाऊस थांबतो का, यावर तिघांची तीन मतं पडली. भाचीनं वहीत लिहिलं, “आर्द्रतामापक साठच्या खाली आला की.” मामांनी ते वाचून त्याच्यापुढं कंसात “दसरा” लिहिलं. मग ते पेटीचं माप घ्यायला उठले आणि विचारलं, वारा लागायला तिला भोकं कुठं पाडायची. भोकं पाडायचीच नाहीत, असं ती म्हणाली, आणि मामींनी दुसऱ्यांदा चहा टाकला.